छोट्या कॅमेऱ्याचे फोटो, चारचौघांच्या नजरेतून

फोटो काढणं एकट्यानं जमतं. काढलेला फोटो नीट बघायला मात्र मला इतरांची नजर लागली. आमचा हौशी मंडळींचा एक छोटा गट आहे आणि त्यात सगळ्यांकडे खिशात मावणारे कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरे आहेत. लेन्स बदलायची सोय नाही, काहींच्या कॅमेऱ्याला तर डोळा लावून बघायची खिडकीही नाही. अधूनमधून आम्ही जमतो, एकमेकांचे फोटो मोठ्या पडद्यावर लावतो आणि त्यांवर बोलतो. या बोलण्यात नेमकेपणा यायला बराच वेळ लागला. तो कसा आला, ते सांगते.

सुरुवातीला "वा!", "मस्त!", "काय रंग आलेत!" यापलीकडे गाडी जात नसे. कौतुक कुणाला नको असतं? पण पुढचा फोटो त्यातून सुधारत नाही. मग आमच्यातल्या वयानं सगळ्यांत मोठ्या काकांनी एक पद्धत सुचवली. "ज्याचा फोटो, त्यानं आधी गप्प बसायचं. बाकीच्यांनी एवढंच सांगायचं, की नजर पहिल्यांदा कुठं गेली आणि तिथून कुठं फिरली." चांगलं-वाईट हा शब्दच काढायचा नाही. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट आमच्यासाठी फार मोठी ठरली. एका मैत्रिणीनं खिडकीच्या उजेडात वाचत बसलेल्या मुलीचा फोटो लावला होता. चेहरा सुंदर आला होता, तरी एकामागून एक सगळ्यांनी डाव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्याशुभ्र पडद्याचं नाव घेतलं. तिला काही समजावून सांगावंच लागलं नाही. तिनं तिथल्या तिथं तो कोपरा कापला आणि फोटो मुलीचा झाला.

पुढची पायरी आकड्यांची. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा स्वतःच नोंद ठेवतो: शटर स्पीड (उजेड किती वेळ आत आला), अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं होतं; एफ/ पुढचा आकडा जितका मोठा, तितकं ते लहान), आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता), फोकल लेंग्थ (लेन्सनं दृश्य किती जवळ आणलं). या नोंदीला एक्झिफ म्हणतात. फोटोवर बोलून झालं की मग ही नोंद उघडायची, असं आम्ही ठरवलं. आधी उघडली तर लोक फोटो बघायचं सोडून आकडे बघतात. आणि नोंद उघडल्याबरोबर आमच्या गप्पांना शास्त्राचा आधार मिळू लागला. "कडा मऊ का आल्यात?" या प्रश्नाचं उत्तर पूर्वी "हात हलला असेल" इथंच संपायचं. एका फोटोत शटर स्पीड १/५०० सेकंद होता, म्हणजे हाताचा प्रश्न नव्हता. पण अॅपर्चर होतं एफ/८. बहुतेक साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत १/२.३ इंची म्हटला जाणारा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, असतो. प्रत्यक्षात तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्यावर बारा मेगापिक्सेल बसवले की एकेक पिक्सेल दीड मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास येतो. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळं एफ/८ ला मात्र प्रकाशाच्या एका बिंदूचाच दहा-अकरा मायक्रॉनचा ठिपका होतो. चित्र मऊ होणारच. मोठ्या कॅमेऱ्यावर एफ/८ हा नेहमीचा, भरवशाचा आकडा. आमच्या कॅमेऱ्यांवर मात्र आम्ही आता शक्यतो एफ/४ किंवा त्याहून लहान आकड्यावरच राहतो, आणि ऊन जास्त असेल तर शटर वेगवान करतो.

याच हिशेबातून मागच्या धूसरतेचं कोडंही सुटलं. गटात नव्यानं येणारा प्रत्येक जण विचारतो, "मागचं धूसर का होत नाही?" ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरशी तुलना केली, तर आमच्या सेन्सरचा कर्ण साडेपाच पटींहून थोडा जास्तच लहान आहे. त्यामुळं आमच्या कॅमेऱ्यावरच्या एफ/२.८ ला मिळणारी फोकसची खोली (जवळपासून लांबपर्यंत जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं अंतर) तिकडच्या जवळपास एफ/१६ इतकी असते. हे कळल्यावर मला उलट आनंद झाला. एफ/१६ इतकी खोली, आणि तीही भरपूर उजेड आत घेत! म्हणजे पुढचं, मधलं आणि मागचं असं तिन्ही एकाच वेळी स्पष्ट ठेवून फोटो रचता येतो. मोठ्या कॅमेऱ्यावर त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो, नाहीतर तिपाई लावावी लागते. तेव्हापासून मी दरवाजे, जिने, माणसांमागची माणसं असे थरांचे फोटो काढू लागले, आणि माझ्या फोटोंवर सगळ्यांत जास्त चर्चा होते ती अशाच फोटोंवर. जवळून फोटो काढण्यातही हेच कामी येतं. झूम पूर्ण मागे घेतला की काही कॉम्पॅक्ट कॅमेरे वस्तूच्या एखाद्या सेंटिमीटरपर्यंत जाऊन फोकस करतात. एकानं असा टेकून काढलेला सुरवंटाचा फोटो दाखवला. त्यात सुरवंटाबरोबर ते झाड आणि मागचं आकाशही ओळखू येत होतं. सुरवंट कुठं राहतो हे त्या एकाच चौकटीत कळत होतं. मला तो फोटो धूसर हिरव्या पार्श्वभूमीच्या शंभर फोटोंपेक्षा सरस वाटतो.

मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो चांगला का, हा वाद तर ठरलेलाच. तो निघाला की मी कॅननचं उदाहरण देते. २००८ च्या पॉवरशॉट जी१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षी आलेल्या जी११ मध्ये कंपनीनं ते मुद्दाम कमी करून १० वर आणले, कारण तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर कमी उजेडात चित्र स्वच्छ यावं ही गरज मोठी होती. खरा फरक पडतो सेन्सरच्या आकारानं. २०१२ मध्ये सोनीनं आरएक्स१०० मध्ये १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, एक इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर घातला. क्षेत्रफळ आमच्या सेन्सरच्या चौपट, आणि कॅमेरा तरीही खिशात मावणारा.

पांढरं पडलेलं आकाश हे आमचं सगळ्यांचं सामाईक दुखणं. जेपेग या नेहमीच्या प्रकारच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, आणि वरची पायरी एकदा ओलांडली की तिथलं काहीच परत मिळत नाही. म्हणून ढगाळ उजेडात आम्ही एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवतो (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) आणि हिस्टोग्राम, म्हणजे अंधारापासून उजेडापर्यंतचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटलेला नाही ना, हे बघतो. ज्यांच्या कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जपणारी फाइल, आहे ते ती वापरतात. एकाच्या जुन्या कॅननमध्ये ती सोय नव्हती. त्यानं सीएचडीके हे हौशी प्रोग्रामरांनी बनवलेलं सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरून चालवून ती मिळवली.

फोटो एकमेकांना पाठवण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. बहुतेक मेसेजिंग अॅप फोटो दाबून लहान करतात आणि एक्झिफही पुसतात, म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. लांब बाजू ४००० पिक्सेलवरून २००० वर आणली की चार पिक्सेलचा एक होतो आणि आयएसओ वाढवल्यानं येणारा रवाळपणा बराच विरतो. शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, त्यानंतरच, आणि बेतानं. रंग एसआरजीबी या बहुतेक पडद्यांना कळणाऱ्या रंगपद्धतीत ठेवायचे, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर ते फिके दिसू शकतात. फोटो घरातला असेल तर जागेची नोंद आधी काढून टाकायची.

सगळ्यांत अवघड गेलं ते माणसांच्या मनाचं. आपल्या लेकराचा, आपल्या आईचा फोटो कुणी लावतं, तेव्हा त्यावर रचनेची चर्चा करणं मला आजही जड जातं. यावर आम्ही असं ठरवलं, की फोटो लावणाऱ्यानं सोबत एक प्रश्न द्यायचा. "उजव्या बाजूची मोकळी जागा जास्त होतेय का?" प्रश्न असेल तर मोकळेपणानं बोलायचं; नसेल तर तो फोटो फक्त बघायचा, आणि त्यातही काही कमीपणा नाही. यानं खूप फरक पडला. जी मंडळी मागे बसून नुसती ऐकत असत, तीही आता फोटो आणतात.

सध्या आम्ही निवडक फोटो छापून घेतोय. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी साधारण १३ बाय १० इंचांपर्यंत जातो, आमचं काम त्याहून लहान आकारात भागतं. आयएसओ ८०० चे जे फोटो शंभर टक्के मोठे करून बघताना आम्ही बाजूला ठेवले होते, त्यांतले काही कागदावर इतके छान उतरले की परत निवडीत आले. आता वाद चाललाय तो क्रमाचा. काकांना सुरवंट पहिला हवाय, मला खिडकीतली मुलगी.