क्लोरोआयोडोमिथेन मागवताना: माझा अनुभव

सायक्लोप्रोपेन (तीन कार्बनचं कडं) बनवण्याच्या कामाला क्लोरोआयोडोमिथेन हे रसायन हवं होतं. डायएथिल झिंकबरोबर ते डायआयोडोमिथेनपेक्षा चपळ चालतं, म्हणून सरांनी तेच सुचवलं. इंडेंट (खरेदीची मागणी), कोटेशनं, सह्या सगळं झटपट झालं आणि फाइल खरेदी विभागात जाऊन बसली.

कारण काय, तर ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराच्या यादीत ब्रोमोक्लोरोमिथेन आहे! ‘ओझोनवाला पदार्थ आहे, आधी परवानगी आणा.’ ब्रोमोक्लोरोमिथेन पूर्वी आग विझवायला वापरायचे. १९९९च्या बीजिंग दुरुस्तीत ते यादीत आलं. आमच्या रेणूत ब्रोमीन नावालाही नाही, आहे ते आयोडीन. कार्बन-आयोडीन बंध इतका कच्चा की उन्हानेच तुटतो. ओझोनच्या थरापर्यंत पोचायला रेणू शिल्लक तर राहायला हवा! हे लेखी दिलं, रचना काढून दिली. यादीत कुठे आहे ते दाखवा म्हटलं, तर बोट पुन्हा ब्रोमोक्लोरोवरच. ‘नाव तेच आहे की. मीटिंगला ठेवू.’ मीटिंग पुढे ढकलली गेली. त्या काउंटरचा राग अजून गेलेला नाही.

फाइल सुटली ती कॅस नंबरमुळे, म्हणजे प्रत्येक रसायनाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकामुळे. ब्रोमोक्लोरोमिथेन ७४-९७-५, क्लोरोआयोडोमिथेन ५९३-७१-५. दोन्ही शेजारी छापून दिले आणि सही झाली. इंडेंटच्या पहिल्याच ओळीत हा नंबर टाका, नावावर विसंबू नका.

तोवर आम्ही ते घरचंच बनवलं होतं. डीएमएफ या द्रावकात सोडियम आयोडाइड आणि भरपूर डायक्लोरोमिथेन घालून तापवायचं. क्लोरीनच्या जागी आयोडीन येतं, मीठ खाली बसतं. डायक्लोरो कमी घातलं तर दुसरा क्लोरीनही जातो आणि डायआयोडो वाढतं. पाण्याने धुताना आपला थर खालचा, घनता २.४ च्या आसपास. डिस्टिलेशनला डायक्लोरो ४० अंशांवर निघून जातं, आपलं १०८-१०९ला येतं, डायआयोडो मागे राहतं. एनएमआर या रेणू ओळखण्याच्या तपासणीत डायक्लोरोचं ५.३०चं शिखर जाऊन ५.०च्या जवळ एकच स्वच्छ शिखर दिसलं तेव्हा मला खरंच अभिमान वाटला.

हो, सोडियम आयोडाइड आधी ओव्हनमध्ये कोरडं करा. सगळं वाफा ओढून घेणाऱ्या हूडखाली, हातमोजे घालूनच. हा पदार्थ अंगावर येणं बरं नाही. बाटली गडद काचेची घ्या, आत तांब्याच्या तारेचा तुकडा टाका. तरी गुलाबी झालंच तर ते सुटलेलं आयोडीन. थायोसल्फेटने धुतलं की रंग जातो.