आधी खराटा

तूर निघाली की आमच्या वऱ्हाडात खराट्यांचा हंगाम येतो. शेंगा झोडून झाल्या की तुराट्यांचे भारे आवारात येऊन पडतात. जाड बुडखे चुलीला, सरळ लांब काड्या कुडाला आणि शेंड्याकडच्या बारीक फांद्या खराट्याला, ही वाटणी कोणी कुणाला शिकवत नाही. फांद्यांवर जरा पाणी मारायचं, म्हणजे बांधताना मोडत नाहीत. मग दोरीनं करकचून आवळायचं आणि बुड जमिनीवर ठोकून सारखं करायचं. नवा खराटा मात्र भारी आगाऊ. अंगणातला कचरा काढण्याआधी स्वतःचाच पाला सांडत जातो. रोज झाडून शेंडे झिजले की कुठं वळणावर येतो.

मी गावातल्या अभ्यासिकेत पोरापोरींना भरतीच्या परीक्षांसाठी शिकवतो. पोलीस, तलाठी, वनरक्षक, जी जाहिरात निघेल ती. शिकवणाऱ्याला बोलण्याचा रोग हमखास जडतो. वेळेचं नियोजन, एकाग्रता, अपयशातून उभं राहणं, माणूस सांगत सुटतो आणि एक दिवस आपलंच बोलणं शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं ऐकू येऊ लागतं. असं झालं की मी घरचं अंगण झाडायला घेतो. आजीनं शिकवलेलं ते पहिलं काम. "वाऱ्याले पाठ दे बापा, नाईतं सारा कचरा तोंडावर येईन," एवढाच तिचा धडा. पाटी-पेन्सिल नंतर आली. अंगण झाडताना थापा मारता येत नाहीत. कोपरा राहिला तर राहिलेला दिसतो.

गाडगेबाबा वऱ्हाडातलेच, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले. वडील लवकर गेले, मामाच्या घरी दापुऱ्याला गुरं राखत, शेतात राबत ते वाढले. पुढं कीर्तनाला माणसांचा समुद्र लोटू लागला, पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा उभ्या राहिल्या, तरी गावात शिरलं की आधी झाडू हातात. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारायचे, तेही घरच्या वऱ्हाडीत. मला या क्रमाचंच फार कौतुक वाटतं. आपण रात्री भाषण ठोकतो आणि सकाळी झाडायला दुसरा कोणी येतो. (२ ऑक्टोबरला फोटोपुरता निघणारा कोरा झाडू, तो विषय वेगळा.) गोठ्याशेजारी वाढलेल्या पोराच्या हाताला झाडू काही नवा नसणार. मोठं होताना बाबांनी तो खाली ठेवला नाही, एवढंच.

अभ्यासिकेतही आता झाडूनच बसतो. नियम फळ्यावर लिहिला नाही. मी झाडू लागलो, काही पोरं संकोचून उठली, एक मुलगी मात्र माझं झाडणं बघवेना म्हणून उठली. हात तिचा माझ्यापेक्षा सरस आहे. झाडता झाडता पोरं जे विचारतात ते वर्गात विचारत नाहीत: घरचं कर्ज, वय निघून चाललंय, यंदा नाही झालं तर काय. सगळ्याची उत्तरं माझ्याकडे कुठली? पण विचारतात.

सध्याच्या खराट्याचे नुसते खुंट उरलेत, तो आता गोठ्यात जाईल. नवा कोणाच्या शेतातल्या तुराट्यांचा करायचा यावरून वाद पेटलाय. त्या मुलीच्या बापाची तूर यंदा अळीनं खाल्ली. ती म्हणते, "शेंगा गेल्या सर, पण तुराट्या आमच्याच चांगल्या हायेत."