आण्णांची डिलाइट पुन्हा रस्त्यावर आणताना

आण्णा, म्हणजे माझे वडील, फेब्रुवारी २०२१मध्ये गेले. त्यानंतर दोन वर्षं मी घरामागच्या शेडकडे फिरकलोच नाही. जून २०२३च्या पहिल्या वळवात शेडचा एक पत्रा उडाला, पाणी थेट गाडीच्या टपावर पडायला लागलं. ताडपत्री घेऊन गेलो, ड्रायव्हरच्या बाजूची त्रिकोणी काच पुसली आणि आत बघितलं. स्टिअरिंगवर आण्णांचा नॅपकिन तसाच टांगलेला होता. त्या संध्याकाळी ताईला पुण्याला फोन केला आणि म्हटलं, गाडी चालू करायची.

गाडी म्हणजे फियाट ११०० डिलाइट, १९६८ची. आण्णांनी ती १९७९ साली शेजारच्या जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांकडून घेतली. नव्या गाडीला वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे ते दिवस, त्यामुळे अकरा वर्षं जुनी गाडीही लोक हौसेनं बघायला यायचे. पुष्कळजण हिला डुक्कर फियाट म्हणतात, ते चूक आहे. ती हिच्या आधीची, गोलगोल पाठीची. आमची डिलाइट कोनाकोनाची. हिचाच साचा पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाला आणि मग पद्मिनी. म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी डोळ्यांसमोर आणली की आमची गाडी निम्मी ओळखीची होते.

कोल्हापुरात या गाडीला हात लावणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यातले एक चाचा. शिवाजी उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. आण्णांची गाडी तीस वर्षं त्यांच्याच हाताखाली होती. त्यांनी येऊन बॉनेट उघडलं, पंख्याचा पट्टा हातानं ओढून इंजिन फिरतंय का बघितलं आणि म्हणाले, “इंजिनाला काय झालेलं न्हाई. तू तळ बघ आधी.” खाली वाकून दाराखालच्या पत्र्याला त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला. जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. दाराखालचे ते लांबट पोकळ बॉक्स आणि फ्लोअर, यांच्यावर गाडीची सगळी ताकद. ते कुजले तर गाडी मधून वाकायला लागते आणि दारं बसेनाशी होतात. जुनी गाडी घेताना माणसं रंग बघतात, सीट बघतात, हॉर्न वाजवून बघतात. माझं सांगणं आहे, गुडघ्यावर बसा आणि दाराखालचा पत्रा ठोकून बघा. बद्द आवाज आला तर किंमत तिथेच निम्मी करा.

डेंटरनं दोन्ही बाजूंचे बॉक्स कापून नवे केले. त्याला सव्वा महिना लागला. टाकी उतरवली तर आतून अर्धा घमेलं गंज निघाला. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलले, कारण हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं आणि तडकतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यांचे व्हील सिलिंडर जाम झाले होते. पुढच्या चाकांचे किंगपिन बुश (चाक ज्या पिनवर वळतं तिच्याभोवतीच्या धातूच्या नळ्या) तर इतके झिजले होते की चाक हातानं धरून हलवलं की खडखडायचं. तयार सेट मिळेना. चाचा मला घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या लेथवाल्याकडे गेले. त्यानं जुना बुश व्हर्नियरला लावला, गनमेटलचा रॉड निवडला आणि संध्याकाळपर्यंत चार बुश कापून हातात दिले. बुश आत जाताना ना ढिला लागला ना अडकला. कोल्हापूरचा लेथवाला काय चीज आहे हे त्या दिवशी अनुभवलं.

काही वस्तू मात्र लेथवर होत नाहीत. दाराची हँडलं, काचांची रबरं, मागच्या दिव्याची लाल काच. त्यासाठी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला गेलो. योग असा की काही दिवसांपूर्वीच पद्मिनी टॅक्सी मुंबईतून कायमची संपली होती. शेवटची टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली, तिची वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून त्या बंद झाल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांमधून हिंडताना हे सारखं मनात येत होतं. याच कुर्ल्यात प्रीमियरचा कारखाना होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली कंपनी काढली आणि पुढे आमची डिलाइट इथूनच बाहेर पडली. एका दुकानात वर टांगलेल्या पोत्यातून दुकानदारानं हँडलं काढली. टॅक्सीचीच होती. बोटांनी घासून आतली बाजू गुळगुळीत झाली होती, पण स्प्रिंग कडक. तीच आता माझ्या मागच्या दारांना आहेत.

आता कागदांकडे येतो. लोखंडापेक्षा जास्त वेळ त्यांनीच घेतला.

आण्णांनी नोंदणीचं शेवटचं नूतनीकरण २०१७मध्ये केलं होतं, त्याची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. मालक हयात नाही, नोंदणी संपलेली, आणि गाडीचा नंबर एमनं सुरू होणारा तीन अक्षरी जुना. एका एजंटानं आरसी बुक हातात घेतलं, पानं उलटली आणि सांगितलं, “स्क्रॅपला द्या, नाहीतर पंचेचाळीस हजार होतील.” मी बुक परत घेतलं आणि ठरवलं, स्वतः रांगेत उभं राहायचं.

आरटीओच्या खिडकीवर पहिली गोष्ट कळली ती ही की संगणकावर गाडी नाहीच. ‘वाहन’ प्रणालीत जुन्या नोंदी चढवताना आमची राहून गेली होती. याला बॅकलॉग म्हणतात. आरसी बुकावरची नोंद मूळ रजिस्टरशी ताडून बघितल्याशिवाय ती चढवत नाहीत, आणि मूळ रजिस्टर पडलं डॉक्टरांच्या जिल्ह्यात. तिथे मी चार वेळा गेलो. तीन वेळा सांगण्यात आलं, की एवढं जुनं रजिस्टर सापडत नाही. त्या तीन फेऱ्यांचा राग अजून माझ्या मनात आहे, कारण कुणी उठून शोधलंच नव्हतं. चौथ्या वेळी निवृत्तीला आलेले एक कर्मचारी मला म्हणाले, “बसा जरा,” आणि रेकॉर्ड रूममध्ये गेले. पाऊण तासानं लाल कापडात बांधलेलं रजिस्टर घेऊन आले. निळ्या शाईत डॉक्टरांचं नाव, खाली लाल शाईत आण्णांचं. त्यांनी पानावरची धूळ बाहीनं पुसली आणि विचारलं, “वडील का तुमचे?” मला उत्तर देता आलं नाही.

वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती. आईनं सही केली. ताईनंही केली, पण तिची एक अट होती: पहिली फेरी पन्हाळ्याची, आणि पुढच्या सीटवर खिडकीशी ती बसणार. नूतनीकरणाचा फॉर्म २५. एप्रिल २०२२मध्ये पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीची ही फी ६०० रुपयांवरून ५,०००वर गेली होती आणि उशिराबद्दल महिन्याला ५०० रुपये दंड होता. बावीस महिन्यांचे माझे ११,००० झाले. पर्यावरण कर तेव्हा पाच वर्षांचा ३,००० होता. विम्यात अजून एक गंमत कळली. इंजिन १०८९ सीसीचं आहे, म्हणजे हजाराच्या वरच्या गटात, म्हणून तेव्हा नुसत्या थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६ आणि वर जीएसटी होता. ज्यांची नोंदणी संपत आली असेल त्यांनी गाडी उभी असली तरी मुदतीत नूतनीकरण करून घ्यावं. उभ्या गाडीलाही दंड चढतो.

याच काळात पुष्कळांनी सुचवलं, सरळ व्हिंटेज नोंदणी कर. जुलै २०२१च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,०००, मुदत दहा वर्षं. ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांना मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. मोह होता. पण नियमाचा पुढचा भाग वाचला आणि मन फिरलं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. आण्णांनी या गाडीतून ऊस कारखान्याच्या मीटिंगा केल्या, ताईला बाळंतपणाला आणलं, बाजाराच्या दिवशी मागच्या सीटवर कोबीची पोती घातली. ती गाडी वर्षातून दोनदा फुलं लावून उभी करायची, हे मला पटलं नाही. संग्रहातल्या दुर्मीळ गाड्यांना तो नियम योग्यच आहे. माझ्या गाडीला साधी नोंदणी हवी होती.

मग आला चासी नंबर. पासिंगच्या आधी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घासून ठसा काढावा लागतो. आमचा नंबर बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर, चार रंगांच्या थराखाली. ठसा काढला तर एक आकडा कळेना. तीन आहे की आठ? बुकात आठ. निरीक्षक सभ्य माणूस होते. म्हणाले, “माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण ठशात आठ दिसला पाहिजे.”

चाचांनी पॉलिश पेपरला हातसुद्धा लावू दिला नाही. “घासलं तर आकडाच जाईल, मग आयुष्यभर बोंबलत बस.” कापसाच्या बोळ्याला रंग उतरवायचं औषध लावून ते थर एकेक करून उचलायला लागले. वरचा पांढरा निघाला. मग निळा, तो मला आठवतो, मी पाचवीत होतो तेव्हाचा. त्याखाली मातकट तांबडा. आणि सगळ्यात खाली फिकट राखाडी, जो घरातल्या कुणीच कधी पाहिला नव्हता. कारखान्यातून आली तेव्हाची गाडी नखाएवढ्या जागेत दिसत होती. चाचांनी रॉकेलनं जागा पुसली, कोरडी केली, खडूची पूड बोटानं आकड्यांवर चोळली आणि वरवरची फुंकून टाकली. खाचांत पांढरं राहिलं. आठ. डाव्या बाजूच्या दोन्ही वळणांत गंज बसला होता एवढंच. मी तिथेच टॉर्च धरून उभा होतो आणि माझा हात थरथरत होता.

त्या राखाडीमुळे गाडीचा रंगही ठरला.

पीयूसीला पहिल्या फटक्यात नापास झालो. या काळातल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, यंत्रानं दाखवला ५.४. चाचांनी आधी एअर फिल्टर काढून झटकला, पॉइंटची गॅप बघितली आणि मग सोलेक्स कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारा) पाव पाव फेरा आत घेत गेले. नजर यंत्राच्या आकड्यावर नव्हती, कान इंजिनाकडे होता. इंजिन किंचित अडखळलं, तिथून त्यांनी जरा मागे घेतला. २.७. पीयूसीवाल्या पोरानं खुर्ची सोडून येऊन बघितलं.

पासिंग जानेवारी २०२४मध्ये झालं. निरीक्षकांनी ब्रेक बघितले, दिवे, वायपर, हॉर्न बघितला आणि मग विचारलं, “एक चक्कर मारू का?” स्टिअरिंगवरचा गिअर त्यांनी आयुष्यात कधी टाकला नव्हता. मी शेजारी बसून दाखवला: पहिल्याला सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही. मैदानाला दोन चकरा मारून ते उतरले आणि सही केली. नव्या नंबरप्लेटचं काम त्यानंतर झालं. तीन अक्षरी जुना नंबर त्यावर तसाच आला आहे, आण्णांनी घेतली तेव्हाचा.

पन्हाळ्याला आम्ही रविवारी गेलो. आधी अंबाबाईच्या बाहेर गाडीला हार घातला, लिंबू फोडलं. मागे आई आणि चाचा, पुढे मधोमध ताईचा मुलगा, खिडकीशी ताई. वाघबीळच्या चढाला तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो तेव्हा मागून चाचा म्हणाले, “आण्णा इथंच बदलायचे.” ताईनं त्रिकोणी काचेची कडी उचलली आणि काच आत वळवली. सगळा वारा तिच्या तोंडावर यायला लागला, तिनं डोळे मिटले, आणि वर पोचेपर्यंत ती काही बोलली नाही.