पुण्यात लायलॅक? त्यापेक्षा हे लावा

बोस्टनची भाची मे महिना आला की लायलॅकचे (थंड देशांतलं, जांभळ्या सुवासिक फुलांचं झुडूप) फोटो टाकते आणि मग फॅमिली ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, आपल्याकडे येईल का गं हे? नाही येणार. झाड काही दिवस तग धरेलही, पण फुलांची आशा सोडा.

लायलॅकला थंडी लागते, म्हणजे खरी थंडी, आठवडेच्या आठवडे पारा साधारण ७ अंशांच्या खाली राहिला तरच कळ्या नीट फुटतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पाषाणला ८-९ झालं तरी दुपारी परत २८, मग त्या बिचाऱ्या झाडाला हिवाळा आला हे कळणार कसं!

भाचीकडे आहे ती 'मिस किम', बुटकी जात, हिचं बी १९४७ मध्ये कोरियातून अमेरिकेत गेलं. तिकडच्या छोट्या अंगणाला ही किंवा 'पालिबिन' ही दुसरी बुटकी जात बेस्ट, कारण साधी लायलॅक १२-१५ फूट जाते आणि ह्या ४ ते ७ फुटांच्या आसपास राहतात. छाटणी मात्र फुलं संपली की लगेच करायची, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, उशिरा कात्री चालवली की गेलं वर्ष.

आपल्या मोगऱ्याचं बरोब्बर उलटं. कुळ एकच (पारिजातकही त्यातलाच), पण मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून जानेवारीत पाणी तोडायचं, सडकून छाटायचं, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं, आणि भरपूर ऊन. मार्चपासून बघा मग.

पण जांभळा रंगच हवा असेल तर नर्सरीत 'यस्टरडे टुडे टुमारो' मागा. फूल जांभळं उमलतं, मग फिकट होत होत दोन-तीन दिवसांत पांढरं, त्यामुळे एकाच झाडावर तिन्ही रंग. वास आहे, पण जातीप्रमाणे कमीजास्त, म्हणून फुलावर आलेलं रोप हुंगूनच घ्या. १४ इंची कुंडीत मस्त राहतं, सकाळचं ऊन द्या, एप्रिलच्या दुपारी मात्र सावलीत सरकवा नाहीतर पानं करपतात. घरात कुत्रा असेल तर हे झाड नकोच, बिया-फळं खाल्ली तर कुत्र्याला जबर विषबाधा होते, तिथे आपला मोगराच बरा.

आणि ऑनलाइन 'पर्शियन लायलॅक'चं बी दिसलं तर घेऊ नका, तो बकाण निंब असतो, चांगलं मोठं झाड, बाल्कनीत कुठे ठेवणार तो!