समांतर वाचनाची वही: मनश्शे राजापाशी पोहोचलो

‘राजे’ आणि ‘इतिहास’ हे बायबलमधील दोन ग्रंथ शेजारी ठेवून एकेका राजाची हकीकत ओळीओळीने ताडून पाहण्याचा माझा उपक्रम यहूदाच्या, म्हणजे दक्षिणेकडील राज्याच्या, हिज्कीया राजाच्या पुढे सरकला असून या खेपेस त्याचा मुलगा मनश्शे याची पाने पूर्ण झाली आहेत. पद्धत पूर्वीचीच आहे. डाव्या रकान्यात दुसऱ्या राजे ग्रंथाचा २१ वा अध्याय, उजव्या रकान्यात दुसऱ्या इतिहास ग्रंथाचा ३३ वा अध्याय. जुळणारा मजकूर काळ्या शाईत, एकाच बाजूला असलेला लाल शाईत. आजवरच्या कोणत्याही राजाच्या पानावर अर्ध्याच्या पुढे इतकी लाल शाई वापरावी लागली नव्हती.

आरंभी मात्र दोन्ही रकाने जवळजवळ एकच बोलतात. मनश्शे वयाच्या १२ व्या वर्षी गादीवर आला, त्याने यरुशलेमात ५५ वर्षे राज्य केले, बापाने मोडून टाकलेली उच्च स्थाने (उंचावरील पूजास्थाने) पुन्हा बांधली, मंदिराच्या दोन्ही अंगणांत नक्षत्रगणांसाठी वेद्या उभारल्या, शकुन आणि जादूटोणा यांच्या नादी लागला. हा मजकूर इतका सारखा आहे की इतिहासाच्या लेखकापुढे राजे ग्रंथ, किंवा निदान त्याचे एखादे रूप, होतेच याविषयी शंका राहत नाही. म्हणूनच त्याने जे गाळले त्याला महत्त्व येते. आईचे नाव हेफसीबा, ते गेले. मनश्शेने उत्तरेच्या राज्याचा राजा अहाब याचा कित्ता गिरवला हे वाक्य गेले. मंदिरात बसवलेली अशेरा देवीची कोरीव मूर्ती येथे नुसती ‘मूर्ती’ झाली. त्याने यरुशलेम या टोकापासून त्या टोकापर्यंत निर्दोष रक्ताने भरून टाकले, हा राजे ग्रंथातील सर्वांत भयंकर आरोप तर संपूर्ण वगळला आहे. याउलट एक गोष्ट वाढवलीही आहे: राजे ग्रंथात तो एका मुलाचा अग्नीत होम करतो, इतिहासात ‘मुलांचा’ करतो आणि तेही बेनहिन्नोमाच्या खोऱ्यात, असे ठिकाण देऊन. त्यामुळे इतिहासाचा लेखक मनश्शेची बाजू सावरून घेतो, हे सरसकट विधान मला मान्य नाही. पापाचा पाढा तो वाचतोच. त्या पापातून जो निष्कर्ष निघतो तो मात्र त्याला वेगळा हवा आहे.

हा निष्कर्ष राजे ग्रंथात संदेष्ट्यांच्या तोंडी येतो. उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन हिला लावलेले मापनसूत्र आणि अहाबाच्या घराण्याला लावलेला ओळंबा आता यरुशलेमाला लावला जाईल, आणि थाळी पुसून पालथी घालावी तसे ते नगर पुसले जाईल, असे तेथे बजावले आहे. उत्तरेचे राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी लोकांनी बुडवले होते. दक्षिणेचे राज्यही त्याच मार्गाने जाणार आणि त्याला कारण मनश्शे, हा राजे ग्रंथाचा सिद्धांत आहे. तो पुढे दोनदा पुन्हा येतो. मनश्शेचा नातू योशीया याच्यासारखा राजा पूर्वी झाला नाही व नंतरही झाला नाही असे सांगितल्यावर लगेच २३ व्या अध्यायात म्हटले आहे की मनश्शेमुळे भडकलेला परमेश्वराचा कोप तरीही शांत झाला नाही. आणि २४ व्या अध्यायात योशीयाचा मुलगा यहोयाकीम याच्यावर ओढवलेल्या संकटाचे कारण म्हणून पुन्हा त्याचेच नाव येते. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या १५ व्या अध्यायातही हाच सूर आहे.

इतिहासाचा लेखक हे सारे भाषण एका ओळीत उरकतो: परमेश्वर मनश्शेशी व त्याच्या लोकांशी बोलला, पण त्यांनी लक्ष दिले नाही. त्यानंतर राजे ग्रंथात ज्याचा मागमूसही नाही असा प्रसंग येतो. अश्शूरच्या राजाचे सरदार मनश्शेला आकडे घालून, पितळी बेड्यांनी जखडून बाबेलास नेतात. संकटात तो अत्यंत नम्र होऊन प्रार्थना करतो. परमेश्वर त्याची विनंती ऐकून त्याला पुन्हा यरुशलेमात, त्याच्या राज्यावर आणतो. परतल्यावर तो गीहोन झऱ्याच्या पश्चिमेकडून मत्स्यवेशीपर्यंत बाहेरचा तट बांधतो, ओफेल टेकडीभोवती तट फिरवतो, तटबंदीच्या नगरांत सेनानायक ठेवतो, आणि मंदिरातील मूर्ती व स्वतः बांधलेल्या वेद्या नगराबाहेर फेकून देतो.

या लेखकाची रीत माहीत असलेल्यांना येथे एक ओळखीची खूण दिसेल. त्याच्या ग्रंथात कृत्य आणि फळ एकाच आयुष्यात भेटतात. उज्जीया राजाला कोड झाले एवढेच राजे ग्रंथ सांगतो. इतिहास त्यामागे मंदिरात धूप जाळण्याच्या आगळिकीचे कारण देतो. योशीया मगिद्दो येथे मारला गेला, तर त्याने मिसरचा राजा नखो याच्या मुखातून आलेले देवाचे वचन ऐकले नाही, हे कारण जोडतो. अशा लेखकापुढे अत्यंत दुष्ट राजाची ५५ वर्षांची निर्वेध कारकीर्द हा मोठाच प्रश्न होता, आणि शिक्षा, पश्चात्ताप व पुनःस्थापना या तीन पायऱ्यांनी तो सुटतो. नगराच्या नाशाचे खापरही मग मनश्शेवर फुटत नाही. ३६ व्या अध्यायात ते शेवटचा राजा सिद्कीया, याजक आणि लोक यांच्यावर येते.

तरीही जोड जेथे दिसून येतो ती दोन स्थळे मला या पानावरील सर्वांत मोलाची वाटतात. पहिले स्थळ इतिहासातच आहे. मनश्शेने मूर्ती बाहेर फेकल्या असे सांगून सातच ओळींनी लेखक म्हणतो की त्याचा मुलगा आमोन याने बापाने केलेल्या सर्व कोरीव मूर्तींपुढे यज्ञ केले. फेकलेल्या मूर्ती पुन्हा आणल्या, असे म्हणता येईल. पण मजकूर तसे म्हणत नाही. मूळ आधारातील वाक्य तसेच राहिले असावे, हे मला अधिक पटते. दुसरे स्थळ राजे ग्रंथातील आहे: मनश्शेने मंदिराच्या दोन अंगणांत बांधलेल्या वेद्या योशीयाने पाडून त्यांचा चुरा केला, असे २३ व्या अध्यायाच्या १२ व्या ओळीत स्पष्ट लिहिले आहे. त्या वेद्या मनश्शेनेच आधी काढल्या असत्या, तर योशीयाला पाडायला उरल्या नसत्या. इतिहासाच्या योशीयाच्या हकीकतीत ही ओळ नाही.

तिसरा रकाना मी अश्शूरी लेखांसाठी आखला. अश्शूरचा सम्राट एसर-हद्दोन याच्या कोरीव लेखात निनवे येथील राजवाड्यासाठी लाकूड व दगड वाहून आणायला लावलेल्या २२ राजांच्या यादीत, सोर (टायर) नगराच्या बआल राजाच्या पाठोपाठ, यहूदाच्या मनश्शेचे नाव आहे. त्याचा मुलगा अशुरबनिपाल याच्या मिसरवरील स्वारीच्या वृत्तांतातही तो खंडणी व सैन्य देणाऱ्या मांडलिकांत दिसतो. बंडाचा किंवा बेड्यांचा उल्लेख कोठेही नाही. मात्र प्रसंग अशक्य म्हणून बाजूला टाकावा असेही नाही: इ.स.पू. ६५२ ते ६४८ या काळात बाबेलात अशुरबनिपालाच्या भावाचेच बंड चालू होते, आणि मिसरच्या साइस नगराचा नखो (योशीयाच्या वेळच्या नखोच्या आधीचा) कैद होऊन निनवेस गेल्यावर त्याला मानाने परत गादीवर बसवल्याचे उदाहरण त्याच सम्राटाच्या लेखांत आहे. माझे मत असे की मनश्शेला सम्राटापुढे हजर व्हावे लागले असणे संभवते. धार्मिक सुधारणा मात्र दुसऱ्या राजे ग्रंथाच्या त्या १२ व्या ओळीपुढे टिकत नाही. एसर-हद्दोनाचा बाप सन्हेरीब याच्या इ.स.पू. ७०१ च्या स्वारीत ४६ तटबंदीची नगरे गमावलेला प्रदेश वारशाने घेऊन इतकी वर्षे टिकून राहणारा हा मांडलिक राजा दोन्ही बायबल ग्रंथांना दिसलाच नाही, याची मला फार खंत वाटते.

इतिहास ग्रंथ म्हणतो की मनश्शेची प्रार्थना अन्यत्र लिहिलेली आहे, पण ती देत नाही. ही उणीव पुढच्यांनी भरून काढली. ग्रीक भाषेत १५ ओळींची ‘मनश्शेची प्रार्थना’ टिकून आहे, आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्यांत त्याच्याच नावाची दुसरी, वेगळी प्रार्थना सापडली. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातील सनहेद्रिन या भागात तर दोन ग्रंथांतील हा भेद वादाचा विषय होतो. येणाऱ्या जगात वाटा नसलेल्या तीन राजांत मनश्शेची गणना होते. रब्बी यहूदा त्याला वाटा आहे असे म्हणतात आणि आधार म्हणून इतिहासातील तीच ओळ देतात, की परमेश्वराने त्याची विनंती ऐकून त्याला राज्यावर परत आणले. त्यावर इतरांचे उत्तर असे, की त्याला राज्यावर परत आणले, येणाऱ्या जगातील जीवनात नव्हे.

पुढची पाने योशीयाची. राजे ग्रंथ त्याची सुधारणा कारकीर्दीच्या १८ व्या वर्षी, नियमशास्त्राचा ग्रंथ सापडल्यावर सुरू करतो. इतिहास तिचा आरंभ ८ व्या व १२ व्या वर्षांपर्यंत मागे नेतो. त्यासाठी रकान्यांच्या कडेला वर्षांचा वेगळा उभा पट्टा आखून ठेवला आहे.