नोटांची थप्पी अन् आबांचं पासबुक

काल आबांची जुनी ट्रंक आवरताना त्यांचं पासबुक सापडलं, मिलमधली सगळी कमाई त्यात पै पै करून टाकलेली, आणि मला एकदम १९२३ चं जर्मनी आठवलं, कारण तिथं असल्या पासबुकांची अक्षरशः रद्दी झाली होती.

लोक म्हणतात हरलेल्या युद्धाची भरपाई द्यावी लागली म्हणून तसं झालं. ते अर्धंच खरंय. पहिल्या महायुद्धाचा खर्च जर्मनीनं टॅक्स वाढवून नाही तर मुख्यतः कर्ज काढून केला, जिंकलो की हरलेल्यांकडून वसूल करू हा हिशोब, आणि १९१८ ला स्वतःच हरले. पुढं जानेवारी १९२३ मध्ये भरपाई थकली म्हणून फ्रान्स-बेल्जियमचं सैन्य जर्मनीतल्या रुहरच्या कोळसापट्ट्यात घुसलं, कामगारांनी काम बंद केलं, सरकारनं त्यांना पगार द्यायला नोटा छापल्या, छापतच राहिले.

युद्धाआधी डॉलरला ४.२ मार्क पडायचे, नोव्हेंबर १९२३ ला ४.२ लाख कोटी! पगार हातात पडला की लगेच दुकानाकडं पळायचं, संध्याकाळपर्यंत भाव परत वाढलेले. पोरं नोटांच्या गड्ड्या रचून खेळायची. त्याच महिन्यात रेंटेनमार्क हे नवं चलन आलं आणि भाव थांबले, पण बुडालेली बचत कुठली परत येते. हिटलरचा म्युनिकमधला फसलेला उठावही त्याच महिन्यातला.

मला राहून राहून तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं वाईट वाटतं. कर्ज काढलेले सुटले, साठवणारे बुडाले. आबांच्या पासबुकावर अजून मिलच्या तेलाचे डाग आहेत, ते मी कपाटात नीट ठेवलंय.