मूळव्याध समजून घालवलेले दीड वर्ष

दादाला शौचावाटे रक्त जाऊ लागले तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. ठाण्याहून रोजचा लोकलचा प्रवास, दिवसभर बैठे काम आणि अवेळी जेवण पाहता ही मूळव्याधच असणार, असे घरात सर्वांनी गृहीत धरले. मीही धरले, आणि त्याची खंत आजही वाटते. इसबगोल, ताक आणि मलम यांत दीड वर्ष गेले. अखेर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी झाली, तोपर्यंत मोठ्या आतड्याचा कर्करोग जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर तो आज बरा आहे.

हा कर्करोग बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावरील पॉलिप नावाच्या लहानशा वाढीतून निर्माण होतो आणि त्याला साधारणपणे १० वर्षे लागतात. या काळात माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही; म्हणूनच तपासणी त्रास नसतानाच करायची असते. रक्त दिसू लागल्यावर वयाचा विचार न करता थेट डॉक्टरांकडे जावे.

अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण व्यक्तींनी ४५व्या वर्षी तपासणी सुरू करावी, अशी शिफारस आहे. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे हा विषय आपणच काढावा लागतो. शौचाच्या नमुन्यातील न दिसणारे रक्त शोधणारी फिट चाचणी दरवर्षी करता येते, मात्र तीत रक्त आढळले तर कोलोनोस्कोपी टाळून चालत नाही.

सख्ख्या नात्यात हा आजार असेल, तर ४०व्या वर्षी किंवा नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुचवली जाते. मी ती ४४व्या वर्षी करून घेतली. खरा त्रास आदल्या दिवशीचा होता: केवळ नितळ पेये, मग पोट साफ करणारे खारट द्रावण पेल्यामागून पेला, आणि जवळजवळ रात्रभर जागरण. तपासणी गुंगीच्या औषधामुळे कळलीदेखील नाही. दोन पॉलिप सापडले आणि त्याच वेळी काढून टाकले गेले. दादाच्या आतड्यातही कधीतरी एवढेच काहीतरी असेल, हा विचार त्या दिवशी मनातून जाईना.

पुतण्या सध्या २६ वर्षांचा आहे. त्याच्या चाळिशीचे साल वहिनींनी दादाच्या फाइलवर आत्ताच लिहून ठेवले आहे.